पोकेमॉनची संतुलित टीम कशी बांधायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथेतला खेळ संपलेला असतो, चॅम्पियनला हरवलेलं असतं, आवडते सहाही शंभराव्या लेव्हलला पोचलेले असतात. मग माणूस मोठ्या आत्मविश्वासाने ऑनलाइन लढायला उतरतो आणि ओळीने आठ लढती हरतो. माझंही असंच झालं होतं. त्यानंतर जे प्रश्न पडतात, ते बहुतेकांचे सारखेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

### संतुलित टीम म्हणजे प्रत्येक टाइपचा एकेक पोकेमॉन, असंच ना?

नाही. एक आगीचा, एक पाण्याचा, एक गवताचा, एक विजेचा, एक उडणारा आणि एक दगडी घेतला की टीम रंगीबेरंगी दिसते, पण त्या सहा जणांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. समोरून बर्फाचा हल्ला आला की गवताच्याला बाहेर काढायचं, हे कळतं. त्याच्या जागी कोण येणार, हे मात्र ठरलेलं नसतं.

माझ्या मते टीम संतुलित आहे की नाही, हे दोन प्रश्नांवरून कळतं. पहिला: ही टीम जिंकते कशी? दुसरा: समोर अमुक आला तर मैदानातल्याला मागे घेऊन त्याच्या जागी मी कुणाला आत आणतो? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका नावात देता आलं पाहिजे. ‘बघू, काहीतरी करू’ असं उत्तर आलं की तिथे टीमला भोक आहे असं समजा.

थोडा घोळ शब्दाचाही आहे. खेळाडूंच्या बोलण्यात ‘बॅलन्स’ हे एका शैलीचं नाव आहे. एका टोकाला हायपर ऑफेन्स, म्हणजे पहिल्या टर्नपासून धडाधड हल्ला. दुसऱ्या टोकाला स्टॉल, म्हणजे समोरचा कंटाळून चूक करेपर्यंत सोसत राहणं. या दोहोंच्या मध्ये बॅलन्स. मी इथे संतुलन म्हणतोय ते शैलीबद्दल नाही. हायपर ऑफेन्सची टीमही माझ्या अर्थाने संतुलित असू शकते आणि बॅलन्स नावाची टीमही विस्कळीत असू शकते.

### मग सुरुवात कुठून करायची?

ज्याच्या जिवावर सामना जिंकायचा, त्या एका पोकेमॉनपासून. बाकीचे पाच त्याच्या वाटेतले काटे काढायला असतात.

उदाहरणासाठी गारचॉम्प घेऊ. ड्रॅगन आणि जमीन हे त्याचे टाइप, बेस स्पीड (म्हणजे त्या जातीचा वेगाचा मूळ आकडा) १०२, बेस अटॅक १३०. स्वोर्ड्स डान्स ही मूव्ह, म्हणजे चाल, एकदा लावली की त्याचा अटॅक दुप्पट होतो. म्हणजे जिंकायची वाट ठरली: गारचॉम्पला एक मोकळी टर्न मिळवून द्यायची आणि मग सुटायचं.

आता कागद घ्या आणि याला कोण कोण अडवतं ते लिहा. बर्फ त्याला चौपट लागतो. कॉर्व्हिनाइट उडणारा आणि पोलादी, त्यामुळे जमिनीचा हल्ला त्याला लागतच नाही आणि ड्रॅगनचा अर्धाच लागतो. पाण्याच्या डोंडोझोकडे अनअवेअर ही ॲबिलिटी (अंगभूत खासियत) असते, म्हणजे तुम्ही लावलेला स्वोर्ड्स डान्स त्याच्यापुढे फुकट. शिवाय परी आणि ड्रॅगन या टाइपचे हल्ले दुप्पट बसतात ते वेगळंच.

कॉर्व्हिनाइट आणि डोंडोझो या दोघांनाही वीज झोंबते. म्हणून दुसरा रोटॉम-वॉश. वीज आणि पाणी हे टाइप, वर लेव्हिटेट ही तरंगण्याची ॲबिलिटी, त्यामुळे जमिनीचे हल्ले त्याला लागत नाहीत आणि उरते ती फक्त गवताची कमजोरी. बर्फ त्याला अर्धाच लागतो, म्हणजे गारचॉम्पला घाबरवणारा बर्फ झेलायला तो आत येऊ शकतो. उलट रोटॉमवर वीज आली तर गारचॉम्प आत. जमिनीच्या टाइपवर विजेचा काहीच परिणाम होत नाही.

तिसरा हीट्रॅन: आग आणि पोलाद. बर्फ, परी, ड्रॅगन आणि गवत, म्हणजे पहिल्या दोघांना नको असलेलं सगळं हा आरामात सोसतो. त्याला चौपट लागणारी जमीन आणि दुप्पट लागणारं पाणी, दोन्हींसाठी रोटॉम आहेच. फायटिंग मात्र हीट्रॅनला दुप्पट लागतं आणि तिघांतलं कुणीच ते नीट झेलत नाही. म्हणून चौथी क्लेफेबल. परी टाइप असल्याने फायटिंग अर्धं, ड्रॅगन शून्य. तिला विष आणि पोलाद नको असतं, आणि हीट्रॅनला विष लागतच नाही, पोलाद एक चतुर्थांश लागतं.

बघा, चौघांची निवड कुठल्या यादीवरून झालेली नाही. प्रत्येक जण आधीच्याची अडचण सोडवायला आला आहे. टीम बांधणं म्हणजे एवढंच, फक्त कधी कधी चौथ्यापर्यंत आल्यावर कळतं की दुसराच चुकला होता, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

### उरलेले दोन कोण?

पाचवा वेगासाठी, त्याबद्दल पुढे सविस्तर. सहावी जागा मी मुद्दाम शेवटपर्यंत कच्ची ठेवतो. सुरुवातीला कुणीतरी बरा वाटणारा बसवायचा, वीसेक लढती खेळायच्या आणि आपण कुणाकडून हरतोय ते बघायचं. मग त्या माणसाचा, म्हणजे त्या पोकेमॉनचा, बंदोबस्त करणारा सहावा घ्यायचा.

### टाइपचा पूर्ण तक्ता पाठ असावा लागतो का?

आज ना उद्या होतोच. १८ टाइप आहेत आणि एकेरी-दुहेरी धरून १७१ जोड्या बनतात. त्या कुणी बसून पाठ करत नाही. आधी शून्यं पाठ करा: जमिनीवर वीज, उडणाऱ्यावर जमीन, भुतावर नॉर्मल आणि फायटिंग, नॉर्मलवर भूत, पोलादावर विष, डार्कवर सायकिक, परीवर ड्रॅगन. एकही ठोसा न खाता आत येण्याच्या या जागा आहेत, आणि निम्मी लढत अशा फुकट प्रवेशांवर जिंकली जाते.

जुन्या खेळाडूंसाठी एक इशारा. परी हा टाइप २०१३ साली एक्स आणि वाय या खेळांत आला. त्याच वेळी पोलादाने भूत आणि डार्क यांचे हल्ले अर्धे करण्याची ताकद गमावली. लहानपणीचा तक्ता डोक्यात घेऊन पोलादी पोकेमॉन नॉक-ऑफ या डार्क हल्ल्यासमोर आणणारे लोक मी अजून बघतो.

### टीममध्ये कोणकोणत्या भूमिका असाव्याच लागतात?

खेळाडूंच्या तोंडी असलेले शब्द आधी सांगतो. स्वीपर म्हणजे शेवटी येऊन साफसफाई करणारा. वॉलब्रेकर म्हणजे समोरच्या भिंती फोडणारा, मग त्यात तो स्वतः पडला तरी चालेल. वॉल म्हणजे भिंत. पिव्हट म्हणजे यू-टर्न किंवा व्होल्ट स्विच मारून स्वतः मागे जाणारा आणि हव्या त्या जोडीदाराला सुखरूप आत आणणारा. रिव्हेंज किलर म्हणजे आपला एक पडल्यावर येऊन समोरच्याला संपवणारा.

ही यादी खूण करत भरायची नसते. सगळ्या भूमिका एकेक घेतल्या की ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी गत होते: एक भिंत आहे पण तिच्या मागे दुसरी नाही, एक स्वीपर आहे पण त्याला वाट करून देणारा नाही. एका पोकेमॉनने दोन-तीन कामं करणं हीच खरी कमाई. वरच्या चौघांत हीट्रॅन भिंतीचं काम करतो, स्टेल्थ रॉकही (समोरच्याच्या बाजूला पसरायचे दगड, त्याबद्दल पुढे) टाकू शकतो आणि समोरच्या पोलाद्यांना जाळतोही. रोटॉम व्होल्ट स्विचने पिव्हट होतो आणि विल-ओ-विस्पने समोरच्याला भाजून त्याचे फिजिकल, म्हणजे अटॅकवर चालणारे, हल्ले अर्धे करतो. एवढं झाल्यावर पुढच्या जागा मोकळ्या राहतात.

फिजिकल आणि स्पेशल (म्हणजे स्पेशल अटॅकवर चालणाऱ्या) हल्ल्यांची वाटणी मात्र बघाच. सहाही जण फिजिकल मारणारे असतील, तर फिजिकल हल्ले झेलणारी एक भक्कम स्कार्मोरी आणि एक भाजणारा एवढ्यावर समोरचा निश्चिंत. स्पेशलवाल्यांचं तेच दुखणं ब्लिसी. तिचा बेस एचपी (जीवशक्ती) २५५ आहे.

### वेगाला एवढं महत्त्व का?

कारण पडलेला पोकेमॉन उलटून मारू शकत नाही. आधी मारणाऱ्याला समोरच्याचा ठोसा खावाच लागत नाही, आणि त्यापुढे कितीही बेस डिफेन्स फिका पडतो.

आपल्या चौघांचे बेस स्पीड बघा: गारचॉम्प १०२, रोटॉम ८६, हीट्रॅन ७७, क्लेफेबल ६०. टाइपच्या हिशोबाने झकास जमलेली ही चौकडी १४२ बेस स्पीडच्या ड्रॅगापल्टपुढे प्रत्येक टर्नला दुसऱ्या क्रमांकावर असते. ही उणीव लढत सुरू झाल्यावर लक्षात येणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. म्हणून पाचवी जागा वेगासाठी राखून ठेवा.

वेग मिळवायच्या तऱ्हा अनेक आहेत. मुळातच वेगवान पोकेमॉन घ्या. किंवा चॉइस स्कार्फ हा आयटम (सोबत बाळगायची वस्तू) द्या. वेग दीडपट होतो, पण आत असेपर्यंत एकाच मूव्हला बांधून राहावं लागतं. किंवा प्रायॉरिटीची, म्हणजे क्रमात आधी लागणारी, मूव्ह ठेवा: बुलेट पंच, ॲक्वा जेट, एक्स्ट्रीम स्पीड. त्यांना वेगाशी देणंघेणं नसतं. किंवा समोरच्याचाच वेग काढून घ्या. पॅरालिसिसने तो निम्मा होतो. उलटा मार्गही आहे: ट्रिक रूम. पाच टर्न क्रम उलटा होतो आणि सगळ्यात मंद तो सगळ्यात आधी. २० बेस स्पीडचा टॉर्कोल, ज्याला एरवी कासव म्हणून हिणवतात आणि तो खरोखर कासवच आहे, तिथे राजा होतो.

यांतले किमान दोन मार्ग टीममध्ये असावेत. एकच असेल आणि तोच पोकेमॉन पहिल्या तीन टर्नमध्ये पडला, तर उरलेली लढत नुसती बघत बसावी लागते.

### ईव्ही, आयव्ही, नेचर हे सगळं डोक्यावरून जातं. ते टाळता येईल का?

टाळू नका, पण घाबरूही नका. आयव्ही म्हणजे जन्मतः मिळालेले गुण, प्रत्येक स्टॅटला (एचपी, अटॅक, स्पीड वगैरे आकड्यांना) ० ते ३१. ईव्ही म्हणजे कमावलेले: एकूण ५१०, एका स्टॅटमध्ये जास्तीत जास्त २५२. नेचरने एक स्टॅट दहा टक्के वाढतो आणि एक दहा टक्के घटतो. २५ पैकी पाच नेचर काहीच बदलत नाहीत.

नवा खेळाडू दोन स्टॅटमध्ये २५२-२५२ टाकून उरलेल्या सहांतले चार कुठेतरी देतो. हल्लेखोरासाठी ते बहुतेक वेळा बरोबरच असतं. भिंतींसाठी मात्र हिशोब करावा. कुणाचा कुठला हल्ला खाऊन उभं राहायचंय ते आधी ठरवा, डॅमेज कॅल्क्युलेटरमध्ये टाकून बघा, आणि तेवढंच द्या. डॅमेज दर वेळी थोडा बदलतो, ८५ ते १०० टक्क्यांच्या मधले १६ आकडे संभवतात; सोळाही वेळा जगतोय का ते बघा.

वेगाच्या बाबतीत एक छोटं उदाहरण देतो, कारण इथे खूप जण आंधळेपणाने खर्च करतात. ५०व्या लेव्हलला, वेग वाढवणारं नेचर आणि २५२ ईव्ही दिल्यावर गारचॉम्पचा स्पीड १६९ होतो. त्याच तयारीतल्या १०० बेस स्पीडवाल्यांचा, म्हणजे चारिझार्ड, सॅलमन्स वगैरेंचा, १६७. त्यांना मागे टाकायला १६८ पुरेत आणि त्यासाठी २४४ ईव्ही लागतात. वाचलेल्या आठांचा दुसरीकडे एक गुण मिळतो. पण समोरही गारचॉम्प आला आणि त्याने पूर्ण २५२ दिले असतील, तर तो आधी मारेल, आणि त्याच्या ड्रॅगन हल्ल्याने तुमचा आडवा होईल. मी स्वतः २५२ देतो. आरशातल्या लढाईत मागे राहणं मला परवडत नाही.

### सिंगल्सची टीम डबल्सला चालेल का?

सिंगल्समध्ये मैदानात दोन्हीकडून एकेक पोकेमॉन असतो, डबल्समध्ये दोन-दोन. पोकेमॉन तेच चालतील, टीम नाही चालणार. दोन वेगळे खेळ आहेत असंच समजा.

चाहत्यांनी चालवलेल्या स्मोगॉन या संकेतस्थळाच्या सिंगल्समध्ये सहा विरुद्ध सहा, लेव्हल १००. लढत लांबते, आतबाहेर ये-जा खूप असते, म्हणून हळूहळू पोखरणाऱ्या गोष्टींना किंमत असते. अधिकृत विश्वविजेतेपदाचा प्रकार, व्हीजीसी, डबल्स आहे. सहा जण न्यायचे, समोरच्याचे सहा बघून त्यांतले चार निवडायचे, सगळे ५०व्या लेव्हलला. एकाच टीममध्ये एकच पोकेमॉन किंवा एकच आयटम दोनदा चालत नाही. बऱ्याच लढती सात-आठ टर्नमध्ये आटोपतात.

सहांतून चार निवडायचे १५ मार्ग असतात. म्हणून डबल्समध्ये संतुलनाचा अर्थही बदलतो. तिथे सहा जणांची एक टीम बांधायची नसते, एकमेकांत मिसळलेल्या दोन-तीन चौकड्या बांधायच्या असतात. तुमची टीम प्रत्येक लढतीला तेच चार घेऊन उतरत असेल, तर उरलेले दोन नुसते बाकावर बसायला आणले आहेत.

डबल्समधली आयुधंही वेगळी. प्रोटेक्ट, म्हणजे त्या टर्नपुरता बचाव, जवळजवळ प्रत्येकाकडे. फेक आउटने पहिल्याच टर्नला समोरच्याची एक चाल वाया घालवायची. फॉलो मी किंवा रेज पावडरने हल्ले स्वतःवर ओढून जोडीदाराला वाचवायचं. टेलविंडने आपल्या बाजूचा वेग चार टर्न दुप्पट. त्यांतली एक टर्न तर तो लावण्यातच जाते, हे विसरू नका. दोघांनाही लागणाऱ्या हल्ल्यांची ताकद पाऊणपट होते, आणि भूकंप तर आपल्या जोडीदारालाही हादरवतो. गारचॉम्पशेजारी लेव्हिटेटवाला रोटॉम उभा असेल तर त्याला काही होत नाही. हीट्रॅन असेल तर मात्र आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला.

इन्सिनरोर इतक्या डबल्स टीममध्ये का दिसतो, याचंही उत्तर इथेच आहे. येताक्षणी इंटिमिडेटने समोरच्या दोघांचा अटॅक एक पायरी खाली, मग फेक आउट, मग पार्टिंग शॉट मारून मागे, आणि पुन्हा आत येऊन तेच. एकटा तो काही सामना जिंकून देत नाही, शेजारच्याला जिंकू देतो.

### स्टेल्थ रॉकबद्दल एवढं का बोलतात?

कारण सिंगल्समध्ये प्रत्येक प्रवेशाला तो पट्टी वसूल करतो. एकदा टाकला की समोरचा जो कुणी आत येईल त्याचा एचपी जातो: साधारणपणे साडेबारा टक्के, दगड दुप्पट लागणाऱ्याचा २५, चौपट लागणाऱ्याचा ५०. चारिझार्ड किंवा व्होल्करोना आत आले की अर्धे संपले, समोरच्याने बोटही न उचलता.

म्हणून दोन गोष्टी ठरवा. आपल्याकडे तो कोण टाकणार, आणि समोरच्याने टाकलेला कोण काढणार. काढायला रॅपिड स्पिन आणि डिफॉग आहेत. २०१९ पासून हेवी-ड्यूटी बूट्स हा आयटमही आहे. तो घातला की अंगावर काहीच येत नाही. आमच्या चौकडीत चौपट कमजोर कुणी नाही, त्यामुळे मी एखाद्या वेळी काढणाऱ्याशिवायही खेळतो. टीममध्ये व्होल्करोना असती तर तसं धाडस केलं नसतं. डबल्समध्ये हा सगळा खटाटोप सहसा फायद्याचा ठरत नाही.

### आयटम कुठले द्यावेत?

जे काम दिलंय त्याला शोभतील ते. सोसणाऱ्याला लेफ्टओव्हर्स, दर टर्नला सोळाव्या हिश्शाने बरं करतं. मूव्ह बदलत मारणाऱ्याला लाइफ ऑर्ब, ताकद १.३ पट आणि दर हल्ल्याला दहा टक्के एचपीची किंमत. नाजूक पण एक काम करूनच पडायला हवं अशाला फोकस सॅश, ती एका फटक्यात पडू देत नाही. मात्र स्टेल्थ रॉक पडला असेल तर ती सॅश फुकट गेली, कारण ती पूर्ण एचपी असतानाच चालते. स्पेशल हल्ले खाणाऱ्या हल्लेखोराला असॉल्ट व्हेस्ट. स्टेटस मूव्ह, म्हणजे थेट इजा न करणाऱ्या चाली, मात्र मग विसरायच्या.

### टेराचा विचार टीम बांधताना करायचा की खेळताना?

बांधताना. २०२२च्या स्कार्लेट आणि व्हायोलेट या खेळांत लढतीत एकदाच, एकाच पोकेमॉनचा टाइप बदलता येतो, तोच टेरा. गारचॉम्पला टेरा पोलाद दिला की चौपट लागणारा बर्फ एकदम अर्धा लागू लागतो, आणि मूळ टाइपच्या हल्ल्यांना मिळणारी दीडपट ताकदही राहते. टेराचा टाइप मूळ टाइपमधलाच एक ठेवला तर त्या टाइपचे हल्ले दुप्पट होतात.

घात कुठे होतो ते सांगतो. टीम बांधताना प्रत्येक भोकावर माणूस टेराचं ठिगळ लावतो: हा पडेल तिथे टेरा, तो अडेल तिथे टेरा. पण छत्री एकच आहे. माझा नियम साधा आहे: टेराशिवाय ज्याचं चालणारच नाही असे दोनापेक्षा जास्त पोकेमॉन टीममध्ये नकोत.

### पाऊस, ऊन, वाळूच्या टीमला संतुलित म्हणायचं का?

म्हणता येतं, जर ऊन गेल्यावरही टीम उभी राहत असेल तर. ॲबिलिटीने आणलेलं हवामान २०१३ पासून पाचच टर्न टिकतं, त्या हवामानाचा दगड आयटम म्हणून दिला तर आठ. त्याआधी ते सामना संपेपर्यंत हटत नसे. समोरच्याने आपलं हवामान आणलं तर तुमचं त्याच क्षणी गेलं. म्हणून पाऊस आणणारा पेलिपर आणि पाण्याचे चार हल्लेखोर अशी टीम करू नका. पावसाचे दोन-तीन आणि बाकीचे कोरड्यातही लढणारे, असं ठेवा.

### माझा आवडता पोकेमॉन कमजोर आहे. त्याला घेऊन जिंकता येईल का?

पाचिरिसूची गोष्ट सांगायलाच हवी. २०१४ साली वॉशिंग्टन डीसीला झालेल्या विश्वविजेतेपदाच्या स्पर्धेत कोरियाचा सेजुन पार्क ही इवलीशी विजेची खार घेऊन उतरला आणि जिंकला. लोक ही गोष्ट ‘मनापासून खेळलं की काहीही जमतं’ अशी सांगतात. मला ती तशी वाटत नाही.

त्याच्या टीममध्ये ग्यारडॉस होता, त्याला वीज चौपट लागते. पाचिरिसूकडे फॉलो मी आहे, त्यामुळे ग्यारडॉसवर सोडलेली वीज तिच्याकडे वळते. आणि तिची ॲबिलिटी व्होल्ट ॲब्सॉर्ब, म्हणजे ती वीज लागण्याऐवजी तिचा एचपी भरून निघतो. शिवाय सुपर फँग समोरच्याचा उरलेला एचपी थेट अर्धा करतं, त्याला अटॅक चांगला असावा लागत नाही. या सगळ्या गोष्टी एकत्र जमणारे पोकेमॉन फार नव्हतेच. ती आवडती होती म्हणून टीममध्ये नव्हती, त्या जागेवर तिच्यासारखं दुसरं कुणी नव्हतं म्हणून होती.

तर आवडत्याबद्दल स्वतःला एकच विचारा: याच्या जागी दुसरा ठेवला तर काय बिघडेल? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर त्याला घरी ठेवा, किंवा मजेसाठी खेळा. मजेसाठी खेळणं हा काही गुन्हा नाही.

### सगळ्यांनाच उत्तर असलेली टीम बनवता येते का?

नाही येत. हजाराहून जास्त पोकेमॉन, प्रत्येकाच्या निरनिराळ्या तयाऱ्या आणि तुमच्याकडे जागा सहा. एका बाजूला झाकावं तर दुसरीकडे उघडं पडणारच.

म्हणून कुणाला किती भ्यायचं याचा हिशोब करायचा. स्मोगॉन दर महिन्याला वापराचे आकडे जाहीर करतं. तिथल्या ओयू या मुख्य स्तरात बसायला ४.५२ टक्के वापर लागतो. हा विचित्र आकडा आला कुठून? इतका वापर असलेला पोकेमॉन १५ लढतींत किमान एकदा भेटण्याची शक्यता बरोबर निम्मी असते, तिथून. त्याहून वर असलेल्या प्रत्येकासाठी टीममध्ये नाव ठरलेलं हवं. त्याखालच्यांसाठी ‘एकाला गमावून का होईना, निभावता येईल’ एवढं पुरे. वर्षातून दोनदा भेटणाऱ्याच्या धास्तीने एक जागा अडवून ठेवणं हा उद्योग मी अनेक महिने केला आहे.

### दुसऱ्याची तयार टीम वापरली तर शिकायला होतं का?

होतं, आणि माझ्या मते पहिली टीम उसनीच घ्यावी. खेळात कोड टाकून दुसऱ्याची टीम भाड्याने घेता येते, स्पर्धेतल्या टीमही लोक खुलेपणाने देतात. पण उसनी टीम खेळताना प्रत्येक ईव्ही आणि प्रत्येक मूव्हला ‘हे का?’ विचारा. सर्फ असताना ८० टक्के अचूकतेचा हायड्रो पंप का ठेवला? कुणीतरी सर्फने जेमतेम जगत असणार. तो कोण हे शोधलंत की त्या टीमची अर्धी कहाणी कळते.

### हरलो ते नशिबामुळे, की टीममुळे?

बहुतेकदा टीममुळे, आणि तुम्हाला वाटतं त्याहून जास्त वेळा. क्रिटिकल हिट २४ मध्ये एकदा बसतो, त्याबद्दल रडण्यात अर्थ आहे. पण ७० टक्क्यांच्या फोकस ब्लास्टवर टीम उभी करून तो चुकल्यावर नशिबाला बोल लावायचा, हे बरोबर नाही. लागोपाठ दोनदा लागण्याची शक्यता ४९ टक्के आहे. नाणं उडवण्यापेक्षाही कमी.

### टीम चांगली झाली हे कळतं कसं, आणि बदलायची कधी?

पोकेमॉन शोडाउन या ब्राउझरमधल्या मोफत सिम्युलेटरवर पाच मिनिटांत टीम लिहून खेळता येते, एकही पोकेमॉन वाढवावा लागत नाही. तिथे खेळा आणि हरलेल्या लढतींचे रिप्ले ठेवा. जिंकलेल्या कुणीही बघतो. प्रत्येक रिप्लेपुढे एकच ओळ लिहायची: सामना हातातून कुठल्या टर्नला गेला, आणि त्या टर्नला समोर कोण होतं. वीस ओळींत एकच नाव सहा-सात वेळा आलं, तर सहाव्या जागेचं उत्तर मिळालं. वीस नावं वेगवेगळी आली, तर टीम ठीक आहे, खेळणाऱ्याने सुधारायला हवं.

बदल एका वेळी एकच करा. दोन पोकेमॉन आणि तीन मूव्ह एकदम बदलल्या, की पुढच्या लढती कशामुळे जिंकल्या ते कळत नाही. आणि निवड करण्याच्या पडद्यावर ज्याला तुम्ही कधीच उचलत नाही, त्याला आधी काढा. माझ्या एका डबल्स टीममध्ये अमूनगस महिनाभर नुसता बसून होता, सगळे घेतात म्हणून घेतलेला. त्याच्या जागी दुसरा आणला त्या आठवड्यात टीम पहिल्यांदा माझी वाटली.